सातव्या वाक्याचं शेपूट

“कपाटाची किल्ली कुणाकडे असते?” बाईंनी विचारलं.

“माझ्याकडेच की. झाडायला मीच उघडते ना,” शाळेच्या मावशी म्हणाल्या. शेजारी त्यांची मुलगी मान खाली घालून उभी होती.

बाईंनी समाधानानं मान हलवली. बावीस वर्षं इंग्रजी शिकवून त्यांचा कशावर पक्का विश्वास बसला असेल, तर तो स्वतःच्या संशयावर. मुलीचा पेपर आणि कपाटात कुलपात असलेली आपली उत्तरांची यादी त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडली. तुलनेची दहा वाक्यं. ‘दॅन’च्या पुढे गाळलेली जागा, तिथे ‘शी’ की ‘हर’, ‘ही’ की ‘हिम’, ते निवडायचं. वर्ग दरवर्षी इथेच आपटायचा.

बाईंची स्वतःची एक युक्ती होती. अर्धवट वाक्य पेन्सिलीनं पुढे पुरं करायचं. तिच्यापेक्षा उंच म्हणजे ती जेवढी उंच आहे त्यापेक्षा. असं शेपूट लावलं की योग्य शब्द आपसूक सापडतो. यादी करताना त्या हेच करत, वर्गाला मात्र कधी सांगत नसत. सगळंच सांगून टाकलं तर बाई कशाला हव्यात?

आणि या पोरीच्या पेपरात नऊ वाक्यांना पेन्सिलीची शेपटं होती, पुसायची राहून गेलेली. सातवं तेवढं बिनशेपटाचं, नुसतं ‘शी’. यादीतही अगदी तसंच. सातवं वाक्य बाईंचं लाडकं. बाकीची नऊ बदलत, पण ते दरवर्षी यायचंच: थंडीनं मला तिच्यापेक्षा जास्त छळलं. त्यावर कुणी हुज्जत घातली की बाई तिला वर्गाबाहेर उभं करत.

यादी चोरून उतरवल्याची तक्रार करणारं, मुख्याध्यापिकांना द्यायचं पत्र लिहून तयार होतं. ते पोचलं की मुलगी परीक्षेतून बाद आणि मावशींची नोकरी गेली.

“बाई, तिला आत्ता वेगळी वाक्यं देऊन बघा,” मावशी म्हणाल्या. “मग काय हवं ते करा.”

बाईंनी फळ्यावर पाच वाक्यं लिहिली, मुद्दाम वाकडी. मुलीनं खडूनं शेपटं लावली, शब्द भरले, शेपटं पुसली. पाचही बरोबर. बाईंचा चेहराच पडला. कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की, पण कुठे ते हाती लागेना.

“ही युक्ती कुणी सांगितली तुला?”

“आईनं.”

“आणि तुम्हाला हो?”

मावशी झाडूच्या खोलीत गेल्या आणि पुठ्ठ्याची एक फाइल घेऊन आल्या. आत अकरा वर्षांच्या याद्या होत्या. निकाल लागला की बाई यादीचा बोळा करून टोपलीत टाकत. मावशींनी एकेक बोळा उलगडून, इस्त्री फिरवून ठेवला होता.

“टाकलेलंच घेतलं, बाई. कपाटातल्याला कधी हात लावला नाही.”

बाईंना लाज वाटली. मनापासून वाटली. त्यांनी पत्र फाडलं. पण संशय इतक्या सहज उठून गेला तर त्या बाई कसल्या!

“मग सातव्याला शेपूट का नाही?”

मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं डोळ्यांनीच तिला गप्प केलं. बाईंनी पेन्सिल उचलली आणि सातव्या वाक्याला आयुष्यात पहिल्यांदा शेपूट लावून पाहिलं. थंडीनं तिला जेवढं छळलं, त्यापेक्षा. पेन्सिल तिथेच थांबली. ‘हर’ येत होतं. त्यांनी फाइल चाळली. अकरा याद्यांत अकरा वेळा ‘शी’.

“तुम्हाला ठाऊक होतं?” बाईंचा आवाज एकदम खाली आला.

“सहा वर्षं झाली. एक मुलगी या सातव्यावरून पुस्तक घेऊन दाखवायला आली होती, तिला तुम्ही दारात उभं केलं होतंत. त्या दिवशी घरी जाऊन मी शेपूट लावून बघितलं.”

“मग हिला बरोबर उत्तर का नाही लिहू दिलंत?”

मावशी याद्या नीट एकावर एक रचत म्हणाल्या, “पेपर तुम्हीच तपासणार होतात ना, बाई.”