उतरले सहा

"एकदा उतरताना मोजणी, एकदा वर आल्यावर. त्याशिवाय कुणी पाण्याला पाय लावायचा नाही," अधिकारीबाई म्हणाल्या आणि कोरी करकरीत नोंदवही उघडून धरणाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या.

सहा जण एकमेकांकडे बघून हसले. वेल्डर, न्हावी, बसचा ड्रायव्हर, बेकरीवाले दोघे भाऊ आणि शाळेतले खेळाचे मास्तर. कुणी बुडालं की हातातलं काम टाकून ही माणसं धावत यायची. वीस वर्षं सगळं पदरमोड करून, जिवावर उदार होऊन चाललं होतं. या महिन्यापासून सरकारने त्यांना विमा दिला, अंगभर काळे सूट दिले, हवेचे सिलिंडर दिले, वर कामावरून भरपगारी रजा. बदल्यात अट एकच, मोजणीची. ती अधिकारीबाईंनीच वरिष्ठांशी भांडून धोरणात घालून घेतली होती.

"आम्ही काय शाळेची सहल आहोत का, बाई?" न्हावी म्हणाला.

"सहलीत पोर कमी भरलं तर निदान शोधतात तरी. तुमच्यातला कुणी कमी भरला, तर आमच्या ऑफिसला कळणार कसं?"

यावर कुणीच हसलं नाही. वेल्डरने काठावर बसलेल्या बाईकडे चोरून पाहिलं. तिला सगळे वहिनी म्हणत. सहा जणांच्या कमरेचे सहा दोर तिच्या हातात होते. तिने मान वर केली नाही.

सहाही जणांनी 'उतरला' या रकान्यात सही केली. अकरा वाजून पाच मिनिटांनी ते पाण्यात उतरले. परवा भिंतीवरून पाय घसरून पडलेल्या गवंड्याला शोधायचं होतं. ऊन लख्ख पडलं होतं, पण पायरीपासून हातभर अंतरावर पाणी काळं होतं आणि तळ दिसत नव्हता. वहिनी दोर बोटांवर तोलत होती. अधिकारीबाई घड्याळ बघत होत्या.

पाऊण तासाने गवंडी सापडला. त्याच्या भावाने हंबरडा फोडला. सगळे स्ट्रेचरभोवती गोळा झाले आणि त्या गलक्यात अधिकारीबाईंनी नेमाने वर येणाऱ्यांची मोजणी केली.

सात.

त्यांनी पुन्हा एकेकाकडे बोट करून मोजलं. सातच. सहा जण सही करून स्ट्रेचरकडे गेले. सातवा शेवटच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्या अंगात बनियन आणि अर्धी चड्डी होती.

"अहो, सूट कुठाय तुमचा? असं उतरलेलं नियमात बसत नाही!"

"तेव्हा मिळाले नव्हते," तो म्हणाला.

आवाज अगदी साधा होता, दुकानात सुटे नाहीत असं सांगावं तसा. त्याच्या कमरेला दोराचा वीतभर तुकडा होता, टोक पिंजलेलं. त्याने पेन घेतलं. हाताची कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली. कपडे धुऊन उठलेल्या बाईची असते, त्याहून कितीतरी जास्त. सही करायला त्याला वेळ लागला. एकेक अक्षर आठवून लिहावं तसं तो लिहीत होता.

"इतके दिवस कुणी मोजलंच नव्हतं," वही परत देताना तो म्हणाला.

तेवढ्यात स्ट्रेचरकडून अधिकारीबाईंना हाक आली. त्यांनी मान वळवली, परत पाहिलं, तर पायरी रिकामी होती. पाण्यावर साधा तरंगही नव्हता.

त्यांनी वेल्डरला बाजूला घेतलं. "तुमच्यात सातवा कोण आहे? याची 'वर आला'मध्ये सही आहे आणि 'उतरला'चा रकाना कोरा."

वेल्डरने नाव वाचलं. त्याने वही नेऊन वहिनीपुढे धरली.

वहिनीने हातातले दोर खाली ठेवले. पदराला हात पुसून तिने त्या सहीवरून बोट फिरवलं.

"'व' असाच काढायचे," ती म्हणाली. "पोट फुटलेला."

"तुमचे कोण?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"आठ वर्षं झाली. दोर माझ्याच हातात होता, एकाएकी हलका झाला. ह्या सगळ्यांनी महिनाभर शोधलं. मी तुमच्या ऑफिसात गेले तर तिथले म्हणाले, तुमचा नवरा त्या दिवशी इथे होता याचा कागद दाखवा. तुमच्या लेखी ते घर सोडून गेलेत. सासूबाई तर अजून मला विचारतात, असं काय बोललीस गं त्याला, की तो निघून गेला?"

गवंड्याला घेऊन गाडी निघून गेली.

वहिनीने वही अधिकारीबाईंच्या हातात दिली. "हा रकाना कोरा नका ठेवू. मी सांगते, तुम्ही लिहा." आणि तिने आठ वर्षांपूर्वीची तारीख सांगितली, वार सांगितला. "सकाळी दहा वाजून वीस मिनिटं."

अधिकारीबाईंनी लिहिलं.

"आणि वर आल्याची वेळ?" त्यांनी सवयीने विचारलं.

"ती मी कशी सांगू?" वहिनी म्हणाली. "पाण्याकडे पाठ करून दोर गुंडाळत होते मी. तुम्ही पाहिलंत ना त्यांना."

अधिकारीबाईंनी घड्याळ पाहून वेळ लिहिली. मग खाली 'समक्ष' असा शब्द लिहून त्यांनी आपली सही केली.