स्लॅबचे चौदा दिवस

"आता हे अकरा दिवस मी कुठून आणू?" तिनं विचारलं, तेही कॉम्प्युटरला.

तो काय बोलणार, कपाळ! त्यानं आपलं शाळेच्या सहा मजली इमारतीचं वेळापत्रक पडद्यावर मांडून ठेवलं होतं. पायाच्या खड्ड्यापासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत, एकाखाली एक निळ्या पट्ट्या. सगळ्यात खाली लाल अक्षरांत काम संपायची तारीख. ती शाळा उघडल्यानंतर अकरा दिवसांनी येत होती. बारा वाजता शाळेची माणसं हा कागद बघायला येणार होती, आणि तारीख चुकली तर काम दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी तोंडावर सांगून ठेवलं होतं.

आत्या दारात येऊन उभी राहिली. आत्या ठेकेदार आणि भाची वेळापत्रक लावणारी, म्हणजे सगळं घरचंच. पण ऑफिसात आत्याचा आवाज घरातला नसायचा.

"जमलं?"

"नाही. गवंडी वाढवले, रंगारी वाढवले, सगळं करून झालं. अकरा दिवस काही हलत नाहीत."

"मग स्लॅबचे चौदाचे दहा कर. सहा स्लॅब आहेत. अकरा तर निघतीलच, वर हातात उरतील."

"आत्या, चौदा दिवस टेकू काढायचे नसतात."

"मला शिकवतेस? साडेअकरा वाजलेत." आत्या फोन कानाला लावून बाहेरच्या खोलीत गेली.

स्लॅब ओतला की खालून टेकू द्यायचे, वरून पाणी मारायचं आणि चौदा दिवस त्याच्या वाटेला जायचं नाही. मग तेच टेकू, साच्याच्या त्याच लोखंडी प्लेटा वरच्या मजल्याला. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दहाव्या दिवशी टेकू काढले तर स्लॅब पडेलच असं नाही. पण तो कायमचा कच्चा राहणार नाही, असं छातीठोकपणे कोण सांगणार? आणि त्याच्याखाली वर्षानुवर्षं पोरं बसणार.

तिनं चौदा खोडून दहा लिहिलं. पहिल्या मजल्याला, दुसऱ्याला, असं करत सहाही मजल्यांना. तारीख झटकन हिरवी झाली, शाळा उघडायच्या चांगली दोन आठवडे आधीची. प्रिंटरचं बटण दाबायला मात्र तिचा हात उचलेना.

तेवढ्यात मुकादम साइटच्या किल्ल्या ठेवायला आत आला. तीस वर्षं स्लॅब ओतलेला माणूस. किल्ल्या खिळ्याला अडकवता अडकवता त्यानं पडद्याकडे पाहिलं.

"ह्यात आपला स्लॅब कुठला, ताई?"

तिनं नाइलाजानं बोट ठेवलं. मुकादमानं चष्मा वर सरकवला.

"ही पट्टी मधेच तुटलीय ती?"

"तो रविवार, काका. सुट्टी असते ना."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"माणसांना म्हणा. स्लॅब काय रविवारी मुरायचं सोडून घरी जातो होय? आणि पाणी मारायला मी असतोच की."

ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरनं विचारलं होतं, आठवड्याची सुट्टी कोणती? तिनं रविवार सांगितला होता. त्या शहाण्यानं तो इमानेइतबारे सगळ्यांना वाटून टाकला होता. गवंड्याला रविवार, रंगाऱ्याला रविवार आणि ओल्या काँक्रीटलाही रविवार! चौदा दिवसांसाठी ते प्रत्येक मजल्याला सोळा मोजत बसलं होतं. सहा मजल्यांचे बारा दिवस नुसते हवेत.

तिनं दहा खोडून पुन्हा चौदा लिहिलं, सहाही ठिकाणी. स्लॅबची तेवढी सुट्टी काढून टाकली. डोळे मिटले आणि तारीख पुन्हा मोजायचं बटण दाबलं.

तारीख हिरवीच राहिली. शाळा उघडायच्या बरोबर एक दिवस आधीची.

"हुश्श!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की मुकादम दचकला. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. "काका, अगदी देवासारखे धावून आलात हो!"

"मी किल्ल्या ठेवायला आलो होतो," म्हणत मुकादम अवघडून बाहेर पडला.

आत्या आत आली तेव्हा कागद प्रिंटरमधून निघत होता. तिनं आधी खालची तारीख पाहिली, मग स्लॅबच्या ओळी. एकेका ओळीवर तिचं बोट थांबत गेलं.

"हे तर चौदाच आहेत. दहा नाही केलेस?"

"केले होते." खोटं बोलायला तिची जीभ वळेना. "सहाही ठिकाणी. मुकादमकाका आले म्हणून, नाहीतर तोच कागद तुझ्या हातात दिला असता." आणि तिनं रविवारची सगळी गंमत सांगितली.

आत्या हसली नाही. ती समोरच्या खुर्चीत बसली, मग सावकाश मागे टेकली.

"सुटलीस गं बाई," ती म्हणाली. आवाज घरातला होता.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. शाळेची माणसं आली होती. आत्यानं कागदाची घडी न घालता तो तसाच उचलला आणि उठली.

"मी केले होते एकदा, दहा. बारा वर्षं झाली. इमारत ठणठणीत उभी आहे, कुठे साधी चीरसुद्धा नाही." दाराशी ती क्षणभर थांबली. "पण घरी जाताना मी अजून तिला वळसा घालून जाते."