दोनशे साठ

“दोनशे साठ!” यंत्रावरचा आकडा वाचून श्रीनिवासरावांनी टाळीच वाजवली. “काल तीनशे एक्याऐंशी होता. औषध लागू पडलं. दहा वाजता व्हॉल्व्ह उघडायचा.”

कौशल्या ओव्हाळ सोसायटीचं पंपघर सांभाळायची. फ्लोरोमीटर तिच्या हातात होता. टीव्हीच्या रिमोटपेक्षा थोडा जाड. त्याच्या खाचेत पाण्याची काचेची कुपी ठेवायची, झाकण लावायचं, बटण दाबायचं. यंत्र पाण्यावर निळा प्रकाश टाकतं, त्या प्रकाशात शेवाळ तांबडं चमकतं आणि ती चमक यंत्र मोजतं. चमक जास्त, तर शेवाळ जास्त.

बिबवेवाडीच्या उतारावर, जुन्या दगडखाणीच्या कडेला ही सोसायटी होती. चारशे बारा घरं. खाणीतल्या तळ्याचं पाणी गाळून आंघोळीला आणि भांड्यांना पुरवलं जाई. एप्रिलमध्ये तळं हिरवं झालं आणि पुरवठा बंद पडला. गेले नऊ दिवस टँकर, तोही सकाळी चाळीस मिनिटं. पाच दिवसांपूर्वी तळ्यात औषध टाकलं होतं. आकडा तीनशेच्या खाली आला की पाणी सोडायचं, असं कमिटीने ठरवलं होतं. सेक्रेटरी श्रीनिवासराव; त्यामुळे नऊ दिवस लोकांची बोलणीही त्यांनीच खाल्ली होती.

“पाणी अजून हिरवंगार दिसतंय, साहेब,” कौशल्या म्हणाली.

“मेलेलं शेवाळही काही दिवस हिरवंच दिसतं. म्हणून तर यंत्र घेतलं. नुसतं बघायला डोळे होतेच की आपल्याकडे.”

पंपघराबाहेर माणसं जमायला लागली होती. श्रीनिवासरावांनी आकडा सोसायटीच्या ग्रुपवर टाकूनही दिला.

या नोकरीआधी कौशल्याने कर्वेनगरच्या एका कॉलेजात चौदा वर्षं प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुतली होती. काचेवर बोटाचा एक ठसा राहिला तरी मोजमाप कसं बिघडतं, हे तिने तिथेच पाहिलं होतं. म्हणून इथलं यंत्र ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. कुपी मानेलाच धरायची, मऊ फडक्याने पुसायची. रोज सकाळी आधी डिस्टिल्ड पाणी ठेवून शून्य बघायचं. मग यंत्रासोबत आलेली तपासणीची कांडी ठेवायची; तिचा आकडा शंभरच यायला हवा. आज शून्यही आलं होतं, शंभरही आला होता. यंत्रात खोट नव्हती.

तिने कुपी बाहेर काढली आणि मोबाइलच्या टॉर्चसमोर धरली. काल उजेड पलीकडे अंधूक का होईना, आला होता. आज काहीच आलं नाही. तिने कुपी फिरवून पाहिली, तरी नाही. मग तिने मान हलवली.

“साहेब, व्हॉल्व्ह उघडू नका. पाणी इतकं दाट झालंय, की यंत्राचा प्रकाश आत जातच नाहीये. त्याला फक्त पुढचं शेवाळ दिसतंय. मागचं सगळं आडच राहतंय.”

“म्हणजे शेवाळ वाढलं म्हणून आकडा कमी झाला?” श्रीनिवासरावांनी चष्म्यावरून पाहिलं. “वा! उद्या शून्य आला तर तळ्यावरून चालत पलीकडे जाऊ.”

कौशल्या हसली नाही. “हे पाणी मी अर्धं करते. निम्मं तळ्याचं, निम्मं डिस्टिल्ड. आकडा किती यायला हवा?”

“एकशे तीस. त्यात काय विचारायचं?”

“एकशे तीस आला, तर व्हॉल्व्ह मी स्वतः उघडते.”

बाहेरून उत्तरेश्वर मोरे, बी विंगचे, ओरडले, “अहो सेक्रेटरी, दहा वाजले! घड्याळ आहे ना आत?”

कौशल्याने घाई केली नाही. पाणी मापून मिसळलं. कुपीत एक बुडबुडा अडकला होता. नखाने टिचकी मारून तो वर आणला. काच पुसली. बटण दाबलं.

तीनशे सत्तर.

श्रीनिवासरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पुन्हा घ्या.”

पुन्हा तीनशे सत्तर. तिने तेच पाणी परत अर्धं केलं. तीनशे चाळीस. परत अर्धं केलं. दोनशे सहा. आणखी एकदा. एकशे तीन.

“आता बघा,” ती म्हणाली, “पाणी निम्मं झालं आणि आकडाही निम्मा झाला. आता प्रकाश आरपार जातोय. हा आकडा खरा. पण हे पाणी सोळा पट पातळ केलेलं आहे.”

श्रीनिवासरावांनी तळहातावर बोटाने गुणाकार केला. एक हजार सहाशे अठ्ठेचाळीस. त्यांनी तो दुसऱ्यांदा केला आणि स्टुलावर बसले. पाच मिनिटांत ते पाणी चारशे बारा घरांच्या नळाला गेलं असतं. तान्ह्या पोरांच्या टबांत गेलं असतं.

“पण मी ग्रुपवर टाकून बसलोय हो,” ते हळूच म्हणाले. “आता लोकांना सांगायचं काय?”

“झालं तेच सांगा, साहेब.”

व्हॉल्व्ह पुढे अकरा दिवस बंद राहिला. औषध पुन्हा, या वेळी तळ्याची खोली मोजून टाकलं. पातळ न केलेल्या पाण्याचा आकडा, शेवाळ विरळ होऊ लागलं तसा, आधी वाढत गेला आणि मग उतरू लागला; पण तो वाढत असतानाही सोसायटीत कोणीही घाबरलं नाही. कारण त्या सकाळीच पंपघराच्या दारावर श्रीनिवासरावांच्या वळणदार अक्षरातला एक कागद लागला होता:

“आज आकडा कमी आला आहे, कारण शेवाळ फार वाढले आहे. हे कसे, ते कौशल्याबाईंना विचारावे. सेक्रेटरींना विचारू नये. त्यांनाही आजच कळले आहे.”