होयबा दरबारी

जुन्या राजेरजवाड्यांच्या एका कॉम्प्युटर गेमचा नवा भाग गिझर कारखान्याचे साहेब चार दिवस केबिनमध्ये बसून खेळत होते. तपासणी विभागातल्या बाई आत आल्या, तेव्हा ते त्यावर अभिप्राय लिहीत होते.

"लढाया झकास. किल्ले तर बघतच राहावेत असे," त्यांनी वाचून दाखवलं. "पण दरबारी निव्वळ होयबा. राजा धडधडीत चुकला तरी माना डोलावतात. खरी माणसं अशी असतात का? म्हणून पाचपैकी दोनच तारे."

बाई आठवडाभर जे मनात घोकत होत्या, ते बोलायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती.

"साहेब, नव्या गिझरची वायर तापून वितळतेय. तो बाजारात पाठवायचा तुमचा निर्णय चुकलाय."

साहेबांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले.

दुपारपर्यंत बाईंचं टेबल गोदामात हलवलं गेलं आणि गिझरचा ट्रक फाटकाबाहेर पडला.

संध्याकाळी गोदामातल्या खोक्यावर बसून बाईंनी मोबाइलवर साहेबांचा प्रसिद्ध झालेला अभिप्राय वाचला. लढाया, किल्ले सगळं तसंच होतं. फक्त शेवट बदलला होता: "दरबारी मात्र फार गुणी. पाचपैकी पाच तारे."