कोचची भाषा

यंदाची कोल्हापूरच्या फुटबॉलची फायनल शिवाजी पेठेतल्या तालमीनं जिंकली ती सोमशेखरमुळं. वाचलंत? आता विसरून जा. तालमीत जाऊन विचारलंत तर असलं काही घडलंच नाही म्हणून सांगतील. भिंतीवर करंडकाचा फोटो आहे, त्याखाली सगळ्यांची नावं आहेत, त्यात सोमशेखरचं नाही. तेव्हा फायनल अजून व्हायची आहे, असंच आपणही धरून चालू.

पलीकडच्या पेठेनं गोव्याचा कोच आणल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी कॅप्टन सम्राटनं बशीत चहा ओतत जाहीर केलं, "आपण इटलीचा आणायचा."

"आणि त्याचं बोलणं कुणाला कळायचं?" गोलकीपर उदयसिंहनं विचारलं.

सम्राटनं बाकाकडं पाहिलं. बाकावर सोमशेखर होता. तो कायम बाकावरच असायचा. सहा वर्षं बदली खेळाडू, पण कुणाच्या बदली कधी उतरला नाही. बाकीची पोरं उन्हात खेळून काळी पडली, हा मांडवाच्या सावलीत बसून बसून गोरा राहिला. वर डोळे घारे.

"सोम्या, तुमच्या घरात कानडी बोलत्यात न्हवं?"

"व्हय."

"मग इटालियन काय लांब न्हाय. शीक."

"आणि मला काय?"

"फायनलला तू मैदानावर. माझा शब्द."

सोमशेखरला दुसरं काही नकोच होतं. त्याची आई बसव्वा सहा वर्षं प्रत्येक मॅचला गॅलरीत येऊन बसायची. शेजारणीला सांगायची, आता उतरंल बघा माझा सोम्या. पोराच्या पायाला चेंडू लागलेला तिनं अजून पाहिला नव्हता.

"एक ध्यानात ठेव," सम्राट म्हणाला, "तोवर तालमीकडं फिरकायचं न्हाय, नुसता अभ्यास. आणि दाढी-केस कापायचे न्हाईत."

"ते का?"

"जोतिबाला नवस बोललोय. तुझ्या नावानं."

आपल्या नावानं कुणी नवस बोललं, यानंच सोमशेखरला भरून आलं.

इटालियनचा क्लास शाहूपुरीत, मोटारपंपाच्या दुकानावर. अनुजा मॅडम शिकवायच्या. बाकीची पोरं शिकायला इटलीला चाललेली. हा एकटाच असा, की ज्याच्यासाठी इटली कोल्हापूरला येणार होती.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी रोजची क्रियापदं काढली. मि स्वेल्यो, मि लाव्हो, मि वेस्तो. "इटालियन माणूस नुसता जागा होत नाही," त्या म्हणाल्या. "तो स्वतःला जागं करतो. स्वतःला धुतो. स्वतःला कपडे घालतो. करणारा तोच, आणि ज्याचं करायचं तोही तोच."

घरी सोमशेखरनं हे अव्वाला, म्हणजे आईला, सांगितलं.

"तू तुला उठवतोस?" बसव्वा भाकरी थापता थापता म्हणाली. "मग रोज सकाळी बोंबलत असती ती कोण?"

"इटलीत म्हणतोय मी."

"तिथल्या आया काय करत्यात मग?"

सोमशेखर पुस्तक उघडून पुढची क्रियापदं पाठ करायला बसला.

पण एक क्रियापद त्याच्या डोक्यातून जाईना. मि स्येदो. मी बसतो, म्हणजे मी स्वतःला बसवतो. सहा वर्षं सम्राटनं आपल्याला बसवलं, असं तो धरून चालला होता. इटालियनमध्ये तसं म्हणायची सोयच दिसेना. तिथं बाकावर जो बसला, त्यानं स्वतःलाच बसवलेलं. एकदा तरी सम्राटला म्हणालो का, की मी खेळणार? रंकाळ्यावर पळताना तो हाच विचार करायचा. मग त्यानं ठरवलं. फायनलच्या दिवशी तोंडावर सांगायचं.

मधे एकदा सम्राटनं त्याला टेलरकडं धाडलं. टेलरनं खांदे मोजले, छाती मोजली, हात पार मनगटापर्यंत मोजला. लांब बाह्यांची जर्सी असणार, सोमशेखरनं मनाशी म्हटलं. नंबर कितीचा, हे विचारायचा धीर झाला नाही.

फायनलच्या दिवशी स्टेडियम खच्चून भरलं होतं. सोमशेखर दाढी-केसांसकट आत आला. सगळे अकराजण तयार होऊन बसलेले. त्याला बघून कुणी हसलं नाही, हे जरा नवलच होतं.

"सम्राट," तो म्हणाला, "आज मी बसणार न्हाय. उतरणार."

"उतरणारच की. सगळ्यांच्या आधी."

सोमशेखरला जास्तीचं बोलायची तयारी होती, ती वाया गेली.

"कोच आला?"

"आलाय."

"मग भेटीव की. काय बोलायचं ते ठरवाय पायजे."

"त्याला सगळं ठाऊक हाय. तू पयला कपडे घाल." सम्राटनं टेलरची पिशवी पुढं केली. "आणि बाहेर पाय ठेवलास की मराठीचा चकार शब्द काढायचा न्हाय. आईची शपथ हाय."

बाहेर कर्ण्यावरून आवाज आला, "पावणं मंडळी, आपल्या पेठेसाठी थेट इटलीहून आलेले प्रशिक्षक, श्रीमान मार्को, मैदानात येत आहेत."

सोमशेखरनं मार्कोला बघायला मान वळवली. मागं भिंत होती. पुढं बघितलं तर अकराच्या अकरा त्याच्याकडं बघत उभे, आणि उदयसिंहनं तर हात जोडलेले. त्यानं पिशवी उघडली. आत काळा कोट आणि टोपी होती.

कोट-टोपी चढवून टाळ्यांच्या कडकडाटात तो मैदान ओलांडून गेला. समोरच्या गोव्याच्या कोचचा चेहरा पडला. गॅलरीत बसव्वानं शेजारणीला विचारलं, "त्यो गोरा पावणा ऱ्हाऊ दे, माझा सोम्या कुठाय?"

बाक तोच होता. सोमशेखरनं स्वतःला त्यावर बसवलं. मग टोपी सारखी केली, बाजूच्या पंचांकडं वळला आणि अनुजा मॅडमनाही खोट काढता येऊ नये अशा इटालियनमध्ये म्हणाला, "महोदय, सदर प्रशिक्षकाच्या बदली सोमशेखर या खेळाडूस दहा मिनिटांकरिता मैदानात उतरवण्यात यावे, ही नम्र विनंती."