नवसाचं पाणी

शालननं गॅलरीत हुबेहूब दगडांसारखी दिसणारी रोपं वाढवली होती. त्यांना महिन्यातून एकदा चमचाभर पाणी पुरायचं. आज पाहते, तर सगळी कुजून लिबलिबीत झालेली आणि सासूबाई तांब्या घेऊन उभ्या.

"आत्याबाई, दगड नव्हते, झाडं होती ती! मारलीत तुम्ही!"

"मला वाटलं, देव मांडलेत. रोज अंघोळ केली की पाणी घालायचे."

"घरात देवघर नाही का?"

"नवसाचं पाणी उघड्यावरच्या देवालाच घालतेत. तुझं आपरेशन नीट होऊ दे म्हणून घातलं, बाई."

संध्याकाळी शालननं मैदानातून एक खराखुरा दगड आणला, कुंडीत बसवला, त्याला कुंकू लावलं. "घाला पाणी, आत्याबाई."

सासूबाईंनी तांब्या उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"ह्याला किती चालतं गं?"