मिठूचा खोकला

“मेल्या, नरड्यात मिरची कोंबीन तुझ्या!”

पिठाने भरलेल्या हातांनीच सकीना पडवीत धावली. तव्यावरची भाकरी तव्यावरच राहिली. पडवीत कापसाची तूस धुरासारखी भरली होती. गनीभाई कापूस पिंजायचं धनुकलीसारखं पिंजण मांडीला टेकवून बसला होता. भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरंफेक. त्याने सावकाश वर बोट केलं.

“मी न्हाई. त्यो.”

आढ्याला पिंजरा टांगला होता. त्यावर गोणपाट. पोपटाच्या नाकात तूस जायला नको म्हणून काम सुरू करताना गनीभाई स्वतःच्या हाताने ते टाकायचा. स्वतःच्या तोंडाला मात्र फडकं बांधायचा नाही. जीव घाबरा होतो म्हणे.

“मंग तुमचं पिंजन का थांबलं?”

“त्याचं ऐकाया. लई हुबेहूब माजा खोकला काडतो गं बेनं!”

आत भाकरी जळाल्याचा वास सुटला. आजची ही दुसरी. सकीनाने कपाळावर हात मारला, कपाळालाही पीठ लागलं.

खोकला खरा गनीभाईचाच. दुष्काळाच्या साली खोकल्याने त्याला धरलं ते चार महिने सोडलं नाही. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी घसा खाकरणं. श्रीरामपूरच्या डॉक्टरने बजावलं होतं, ही तूस छातीत बसते, पुन्हा खोकला आला तर हा धंदा बंद. घरी आल्यावर सकीनाने नवऱ्याला पिंजणावर हात ठेवून कबूल करायला लावलं होतं. पुन्हा खोकला, की पिंजण माळ्यावर. गनीभाईच्या बापाचं पिंजण ते. देवळाली प्रवरात अजून लोक गादी भरायची म्हटलं की त्याचंच नाव घेत. त्यात दुष्काळात अडलेली लग्नं औंदा एकदम निघालेली, आणि रुखवतात गादी हवीच. माळ्यावर पिंजण गेलं की गिऱ्हाईक श्रीरामपूरच्या मशीनवर जायला कितीसा वेळ?

पण लाल औषधाच्या बाटल्या संपल्या आणि गनीभाईचा खोकला गेला. तो नेमका त्या हिरव्या कार्ट्याच्या नरड्यात जाऊन बसला!

सकीनाने त्याला सलाम शिकवला. तो खोकला. त्याला पेरू दिला. खाऊन खोकला. पाहुणे आले की हा असा खाकरायचा, की बसलेली माणसं बिचारी गनीभाईला ज्येष्ठमध चघळायचा सल्ला देत. आणि दिवसभर तिचं हे असं. चुलीपाशी बसलं की पडवीत खोकला. काळजात धस्स. उठा, पळा, बघा. गनीभाई वर बोट दाखवणार. परत या, तर भाकरीचा कोळसा. या सहा महिन्यांत तिने जितकी धाव घेतली तितकी उभ्या जन्मात घेतली नव्हती. गुडघे सुजले ते वेगळेच.

दुपारी गनीभाई सुतळी आणायला पेठेत गेला. समोरची बनुबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. सकीना तिच्यासमोर जाऊन रडायचीच बाकी राहिली.

“आठ दिस तरी ने गं त्याला. माज्या कानांना सुटी दे. न्हाईतर एक दिवस त्याची मान तरी मुरगाळीन, न्हाईतर माजी.”

बनुबाईकडे मेलेल्या राघूचा पिंजरा रिकामाच होता. ती तो घेऊन आली. मिठूला काढता काढता म्हणाली, “आमचा राघू झाकला, की गप बसायचा बाई. अंधारात पाखराला कंठ फुटत न्हाई. तुजाच कसा खोकतो?”

“आमचा नमुनाच तसला!” सकीना म्हणाली.

गनीभाईने बोंब मारायला नको, म्हणून तिने रिकाम्या पिंजऱ्यावर गोणपाट होतं तसं टाकून ठेवलं. संध्याकाळी काय ते सांगू. आजच्या पुरती एक भाकरी धड होऊ दे!

गनीभाई आला. वर न बघता कामाला बसला. पडवीतून टंय् टंय् सुरू झालं. सकीनाने भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. किती दिवसांनी जिवाला थारा होता. भाकरी उलटली. पडवीतलं टंय् टंय् थांबलं.

दोन आखूड, एक लांब. मग घसा खाकरणं.

“मेल्या, नरड्यात—” सकीना सवयीने उठली. अर्ध्यात उभी राहिली. तोंड उघडं ते उघडंच.

तिने चुलीमागच्या झरोक्यातून बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे, बनुबाईच्या ओट्यावर, मिठू गुमान हिरवी मिरची खात होता.

पुन्हा खोकला आला. या खेपेला लांबला. दाबायचा प्रयत्न केल्यासारखा, तोंडात धोतराचा सोगा धरल्यासारखा.

सहा महिने तिने त्या पाखराला शिव्या घातल्या होत्या. सहा महिने ती धावत जाऊन पिंजऱ्याकडे बघून परत आली होती. माणसाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

“कोन खोकलं हो?” तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

“दुसरं कोन?” पडवीतून गनीभाई ओरडला. “तुजा लाडका मिठू!”

तव्यावर भाकरी जळत होती. सकीनाने ती जळू दिली आणि माळ्याला शिडी लावली.